पोशादादाच्या गाडीतला आवाज

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण म्हणून नव्हे. साधं ‘मीठ द्या’ हेसुद्धा आई अशा आवाजात म्हणायची की समोरच्या चहाच्या टपरीवरचं गिऱ्हाईक मान वर करून बघायचं. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. घर पप्पांच्या गॅरेजच्या मागे, गॅरेज पनवेलात हायवेला लागून, आणि त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या दारावरून गुरगुरत जायचा. त्या गोंगाटात माणसानं मोठ्यानं बोलायचं नाही तर काय करायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा अलिबागची मावशी राहायला आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला तिनं घास हातात धरून विचारलं, “काय गं हन्ना, काही बिनसलंय का तुमचं?” आई म्हणाली, “नाही तर!” आणि तेही इतक्या जोरात, की मावशीचा घास हातातच राहिला.

घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पडवी. पडवीत आईचा स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि नारळ खवायची विळी. आईच्या हातची बोटं कायम खोबऱ्याच्या दुधानं पांढरी असायची, कारण आमच्यात, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंच्यात, मटणात दूध-दही चालत नाही, जे काही दाटपणा आणायचा तो नारळानं. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं उरलेलं माशाचं कालवण. ते शिळं झालं की जास्त चांगलं लागतं हे मत पप्पांचं, आणि त्यावर घरात दुमत नव्हतं. शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथच्या तयारीनं वास बदलायचा. काळ्या मनुका भिजत पडलेल्या असायच्या, त्यांचं सरबत, दिव्याचं तेल, पप्पांच्या अंगावरचा कार्बोलिक साबण. सूर्य मावळायच्या आत गॅरेजचं शटर खाली यायचं आणि शनिवारची संध्याकाळ उलटेपर्यंत वर जायचं नाही. नवीन ड्रायव्हर शनिवारी येऊन शटर बडवायचे. टपरीवाला त्यांना सांगायचा, “आज इस्रायलांची सुट्टी. उद्या या.” आता त्या जागेवर मोबाइलचं दुकान आहे आणि वरून पूल गेलाय. मी तिथून जाते तेव्हा रिक्षातून उगाचच बाहेर बघते. दिसत काहीच नाही.

पप्पांना गावात बेनमिस्त्री म्हणत. त्यांच्या कानाची ख्याती होती. ड्रायव्हरनं गाडी आणायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि पप्पांनी बॉनेटवर एक हात ठेवून डोळे मिटायचे. मग ते जे सांगत ते निघायचंच. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असंच ऐकतात. त्यांच्याबरोबर इस्माईलचाचा काम करायचे. दोघांनी एकाच उस्तादाकडे हात काळे केलेले. चाचांची जीभ गोड आणि हात जड, पप्पांचं बोलणं मोजकं आणि हात हलका. दोघं मिळून एक पूर्ण मिस्त्री होतो, असं चाचाच म्हणायचे.

माझा थोरला भाऊ सॅमसन, आमचा सॅमी, तोवर इस्रायलला निघून गेला होता. आमच्या आळीतली निम्मी दारं तशीच बंद झाली होती. आमच्या मशिदीत, म्हणजे प्रार्थनेच्या जागेत, कारण गावात सगळे तिला मशीदच म्हणायचे, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना धावपळ व्हायची. सॅमी पत्रं लिहायचा नाही. कॅसेट भरून पाठवायचा. ‘आई, इथे भेंडी मिळते पण आपल्यासारखी नाही,’ असलं काहीबाही बोलून शेवटी हटकून एकच सांगायचा, की तुम्ही सगळे इकडे या. आई टेपजवळ पाट घेऊन बसायची, हसायची, डोळे पुसायची. पप्पा सुरुवातीला बसत. मग पुढे पुढे कॅसेट लागली की ते उठून गॅरेजमध्ये जायला लागले. जायचा विषय निघाला की “मला नाही जायचं” एवढंच. का, ते नाही. आईनं एकदा तिच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, “पोरावर एवढा राग कशाचा?” पप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. त्या रात्री आई जेवली नाही. घरात असं एक कुढणं सुरू झालं होतं, वरच्या आवाजात आणि तरीही मुकं.

ज्या मे महिन्याबद्दल सांगायचंय, तेव्हा मी शाळेत शिकवायला लागले होते आणि उन्हाळी सुट्टीवर होते. इस्माईलचाचा लेकीच्या निकाहसाठी महाडकडे त्यांच्या गावी गेलेले. पप्पा एकटे पडले म्हणून मी गॅरेजमध्ये बसायला लागले. बसायला म्हणजे नुसतं बसायला नव्हे. त्या पान्यांमध्येच माझं बालपण गेलं होतं, कुठला पाना कुठल्या बोल्टला हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. त्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली, पण तिचा अर्थ लागला नाही. पप्पा गाडी तपासायला वेळ घेत होते. एकच गाडी दोनदा चालू करायला लावत होते. आणि गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

एका शुक्रवारी दुपारी गव्हाण गावचा पोशादादा त्याची गाडी घेऊन आला. ती गाडी सगळ्या पनवेलला ठाऊक होती. खाडीवर नव्या बंदराचं काम चालू असताना कुणा परदेशी कंत्राटदारानं ती बोटीतून आणली होती. पुढे ट्रकसारखं दांडगं नाक, मागे उघडा हौदा, डिझेलचं आठ सिलिंडरांचं इंजिन, स्टिअरिंग उलट्या बाजूला, आणि पायाशी क्लच नाहीच. गिअर आपले आपण पडायचे. काम संपल्यावर कंत्राटदारानं लिलाव केला. पोशादादाची शेती आणि मिठागर बंदरात गेलेलं, बंदरात नोकरी काही लागली नाही, म्हणून त्यानं ती गाडी घेतली. पहाटे बर्फ आणि मासळी, दुपारी वीट नाहीतर रेती, आणि मधल्या वेळात गावातली अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, जे असेल ते. गावात दुसरी गाडी अशी नव्हतीच.

“मिस्त्री,” पोशादादा खाली उतरत ओरडला, “गारीला काय झायलाय बगा! आतून हातोरा मारल्यागत करतंय!”

करत होतं खरंच. ठक, ठक, ठक, लोखंडावर लोखंड. पप्पांनी हात ठेवला, डोळे मिटले. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनवर टेकवून दांडा कानाशी धरतात, डॉक्टरची नळी असते तसं. सगळे मिस्त्री करतात. पप्पांनी दांडा कानाला लावला, जागा बदलली, पुन्हा लावला. मग त्यांनी आजूबाजूला एक नजर टाकली आणि दांडा दातांत धरला.

मी समोरच उभी होते. त्यांना मी दिसले नसावे. दातांत लाकडी मूठ, कपाळावर आठ्या, डोळे घट्ट मिटलेले. जबड्याच्या हाडातून जे काही वर चढतंय ते पकडायची धडपड चालली होती. मावशीचा हातात राहिलेला घास, कॅसेट लागल्यावर घातलेल्या चपला, आईचा आवाज, सगळं त्या एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

पप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “क्रँकचं बेरिंग गेलं, पोशा. इंजिन आतून संपलं. ह्याचे पार्ट आपल्याकडे मिळणार नाहीत.”

पोशादादा गाडीच्या पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीकडे बघत म्हणाला, “मंग भंगारवाल्याला सांगतो. सोमवारी येल त्यो. तुमी बोललान म्हंजी झालंच.” गाडी तिथेच ठेवून तो बसस्टँडच्या दिशेनं चालत गेला. एवढा उंच माणूस, पण त्याच्या सदऱ्यात माणूस नसून नुसता वारा शिरलाय असं दिसत होतं.

आणि मला माहीत होतं की पप्पांचं चुकलंय. पप्पांच्या समोर यायच्या आधी मी चालकाच्या दाराशी उभी होते. आवाज पुढून येतच नव्हता.

पप्पा पाठ फिरवून घासलेटनं हात धूत होते. मी मागून, शाळेत बोलते तशा साध्या आवाजात हाक मारली, “पप्पा.” ते हात चोळत राहिले. “पप्पा, मला तुमच्याशी बोलायचंय.” घासलेटचा डबा, फडकं, भुसा. त्यांची मान वळली नाही. मग मी फिरून समोर गेले, आणि त्यांनी माझा चेहरा बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. काही विचारायची गरजच उरली नाही. ते टायरच्या चळतीवर बसले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कळलंच नाही,” ते म्हणाले. “आधी घड्याळ गेलं. मग पाखरं गेली. मग तुझ्या आईचं स्वयंपाकघरातलं बोलणं. कुणी पाठमोरं बोललं की गेलं. तोंड दिसलं तर कळतं.”

“आणि सॅमीच्या कॅसेट?”

“टेपमधला माणूस, रिबू. त्याचे ओठ कुठे दिसतात?” ते हसायचा प्रयत्न करत होते. “तुम्ही हसलात की मी हसायचो. तुम्ही गप्प झालात की गप्प. पण कधी कधी तुझी आई रडत रडत हसते. तेव्हा काय करायचं ते कळेना. मग मी उठायला लागलो.”

मी शेजारच्या टायरवर बसले. बाहेरून ट्रक जात होते. पप्पाच पुढे म्हणाले, “तिकडे जायचं म्हणता सगळे. इथला माणूस मला अर्धा तोंडपाठ आहे. ड्रायव्हर दारात आला की काय बोलणार ते त्याच्या चालण्यावरून कळतं. तिथे भाषा नवी, माणसं नवी. मी नुसता बसून राहीन. घरातल्या खुर्चीसारखा.”

माझ्या स्वतःच्या कानात आता यंत्र आहे. नातवंडं एकाच वेळी बोलायला लागली की मी पण हसून मान डोलावते. तेव्हा प्रत्येक वेळी पप्पा टायरच्या चळतीवर बसलेले दिसतात, आणि मग मी सरळ सांगते, “एकेकानं बोला रे, मला कळत नाहीये.” पप्पांना हे वाक्य म्हणता येत नव्हतं. कानावरच ज्यांचं नाव चालत होतं, त्यांना ते सोपं नव्हतं.

“तू आत्ताच का विचारलंस हे?” पप्पांनी एकदम विचारलं.

मी घुटमळले. मग सांगून टाकलं. “पोशादादाच्या गाडीचा आवाज पुढून येत नाही.”

त्यांचा चेहरा क्षणभर कडक झाला. मिस्त्री म्हणून कुणी त्यांना खोडून काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आज ती मीच होते. मग तो कडकपणा उतरला. ते उठले, फडकं खांद्यावर टाकलं. “चल. चालू कर. मी विचारतो तेवढंच सांग. तुझ्या मनाचं काही घालू नकोस.”

मी गाडीत चढले. ते समोर खिडकीशी उभे राहिले, माझ्या तोंडाकडे बघत.

“उभ्या गाडीत कसा आहे?”

“जोरात. एकसारखा.”

“रेस कर. आता?”

“जरा कमी झाला.”

“ब्रेक दाबून धर आणि गिअरमध्ये टाक.”

टाकला. “बदलला, पप्पा. दबल्यासारखा झाला.”

त्यांचे डोळे बारीक झाले. “बंद कर. बंद होताना नीट ऐक.”

“शेवटी एकदम खडखडलं. पत्र्याची परात पडावी तसं.”

“कुठून?”

“माझ्या पायाखालून.”

पप्पांनी खिडकीची कड धरली. “बेरिंग नाही,” ते हळू म्हणाले. “बेरिंग असतं तर रेस केल्यावर वाढलं असतं. ही प्लेट आहे.” आणि मग त्यांनी मला समजावलं. आपल्या गाडीत इंजिनच्या मागे जड लोखंडी चाक असतं, त्याला क्लच बसतो. ह्या गाडीला क्लच नाही, म्हणून चाकाच्या जागी पोलादाची एक पातळ प्लेट असते, जत्रेतल्या मोठ्या तव्याएवढी. एका अंगानं ती इंजिनला बांधलेली, दुसऱ्या अंगानं गिअरबॉक्सच्या तेलानं भरलेल्या ढोलाला. इंजिनचा सगळा जोर त्या पातळ प्लेटमधून मागे जातो. ती थोडी लवते म्हणून टिकते. पण बोल्टच्या भोकांशी तडकली, की असं ठोकते की भले भले इंजिन गेलं समजतात. बंदराचं काम चालू होतं तेव्हा पप्पा कंत्राटदाराच्या गाड्या बघायला जात, तिथे त्यांनी एक उघडलेली पाहिली होती.

“रिबू! सूर्य बघ कुठे आला! अंघोळी व्हायच्यात!” पडवीतून आईची हाक आली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवून सांगितलं, “आई बोलावतेय.”

“तिला मी सांगेन,” ते म्हणाले. “तू नको सांगूस.”

शनिवारचा दिवस कसा गेला ते मलाच ठाऊक. गाडी शटरबाहेर उभी, पोशादादाकडे फोन नाही, आणि पप्पा शांतपणे प्रार्थनेचं पुस्तक वाचतायत. संध्याकाळ उलटली तशी पप्पांनी गव्हाणच्या बसवाल्याबरोबर निरोप धाडला की भंगारवाल्याला थांबव.

रविवारी सकाळी पोशादादा आला तोवर इस्माईलचाचाही गावाहून परतले होते, हाताला लेकीच्या लग्नाची मेंदी तशीच. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, पत्र्याचं एक झाकण असतं. ते काढून पप्पा टॉर्च घेऊन आत सरकले. मग त्यांनी मला बोलावलं. आत गेरूसारखी लाल भुकटी पसरली होती, पोलाद पोलादावर घासून झालेली. पप्पांनी स्क्रू-ड्रायव्हरनं प्लेट हलकेच रेटली, तशी बोल्टाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर ओठासारखी उघडली आणि मिटली.

पोशादादाला आडवं करून तीच चीर दाखवली. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती. “म्हंजी इंजिन हाय?”

“इंजिन ठणठणीत आहे. मी चुकलो होतो,” पप्पा म्हणाले. “पण ही प्लेट मुंबईत मिळायची नाही.”

“तशीच दुसरी गारी हाय ना माझ्या दारात!” पोशादादा जवळजवळ उडालाच. लिलावात त्याला त्याच जातीची एक जळकी गाडी बरोबर घ्यावी लागली होती. ती त्याच्या अंगणात उभी होती, आणि तिच्यात आता कोंबड्या राहत होत्या.

आम्ही चाचांच्या टेम्पोतून गव्हाणला गेलो. पोशादादाची बायको हिरावहिनी दारातच आडवी आली. “गारी घेवा, पन माझी कोंबरी बसलीय अंड्यांवर. तिला उठवायची नाय.” कोंबडी बसली होती ती नेमकी गाडीतल्या गिअरच्या झाकणावर, तेच आम्हाला उघडायचं होतं. बरीच वाटाघाट झाली. शेवटी वहिनीनं स्वतः टोपलीत भाताचा पेंढा घातला, आधी अंडी, मग कोंबडी, आणि वरून आपल्या लुगड्याचा पदर पांघरून टोपली मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. आमचं काम होईपर्यंत ती कोंबडीशी बोलत होती.

गिअरबॉक्स मागे ओढून प्लेट सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पप्पांनी ती पुसली, उन्हात फिरवून पाहिली, प्रत्येक भोकाच्या कडेनं अंगठा फिरवला. मग सुतळीत ओवून पडवीच्या वाशाला टांगली आणि पाना माझ्या हातात दिला. “वाजव.” तडकलेलं पोलाद भसाडं वाजतं. मी पाना मारला, आणि तो आवाज इतका लांब, इतका स्वच्छ निघाला की टोपलीतल्या कोंबडीनंही मान वर केली. पप्पा प्लेटकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. चाचा माझ्या बाजूला उभे होते. ते हळूच म्हणाले, “बेटी, आजवर हे ऐकायचं काम मी करत होतो. मी खांद्यावर थाप मारायचो, एक म्हणजे पुढून, दोन म्हणजे मागून. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. अच्छा झालं, तुला कळलं.”

वहिनीनं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. “तुमी कोलबी खात नाय, चिंबोरी खात नाय, मला म्हाईत हाय. म्हनून खवल्याचा जिताडा आनलाय.” लालभडक कालवण, तांदळाची भाकरी, कैरीची फोड. मी नंतर चांगल्या चांगल्या ठिकाणी जेवले आहे. त्या जिताड्याची सर कशाला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये तडकलेली प्लेट निघाली आणि गव्हाणहून आणलेली बसली. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे. खरी गोम त्या तेलाच्या ढोलात. तो गिअरबॉक्सच्या आत टप्प्याटप्प्यानं खोल बसावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताना आतला पंप फुटतो आणि सगळं मुसळ केरात. प्रत्येक टप्प्याला आत ‘टक’ असा बारीक आवाज होतो. मी ऐकायला कान लावला, पण बाहेर ट्रक चालले होते, मला काही उमगेना. पप्पांनी मला बाजूला केलं. दोन्ही तळवे ढोलावर ठेवले, तो फिरवत, किंचित आत लोटत राहिले. डोळे मिटलेले. दातांत काही नाही, कानाशी काही नाही. “एक,” ते म्हणाले. फिरवलं. “दोन.” पुन्हा, बराच वेळ. “बसला.” चाचांनी पट्टी लावून खोली मोजली. बरोबर होती.

गाडी चालू झाली तेव्हा आम्ही सगळे आपोआप वाकून ऐकत होतो, आणि ऐकायला काहीच नव्हतं. फक्त त्या इंजिनची भरदार गुरगुर. पोशादादानं पप्पांना आणि मला हौद्यात न बसवता पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि गाडी नेऱ्याच्या रस्त्याला घातली. चढावर तिचा जोर बघितला, ब्रेक मारले, पुन्हा उचलली. डोंगराच्या पायथ्याशी आंब्याखाली त्यानं गाडी थांबवली आणि बंद केली. शेवटची खडखड नव्हती. चहूकडे शांत झालं.

“गेला ना आवाज, मिस्त्री?” पोशादादानं विचारलं.

मी उत्तर देणार होते. पप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. “पोशा, मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी पण आलं नव्हतं. म्हणून चुकलो. तुझी गाडी भंगारात गेली असती माझ्यामुळे. आवाज हिनं ओळखला. हिला विचार.”

पोशादादानं स्टिअरिंगवर ठेवलेला हात काढला, पप्पांच्या बाजूला पूर्ण वळला आणि ओठ मोठे करून म्हणाला, “ता आमाला म्हाईत हाय, मिस्त्री. सगल्यांनाच म्हाईत हाय. म्हनून तर आमी तुमच्याशी वरडून बोलतो.”

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. पोशादादा हसला, मी हसले, आणि आंब्याखाली त्या परदेशी गाडीत आम्ही तिघं डोळे पुसत किती वेळ बसलो कोण जाणे.

आम्ही इस्रायलला गेलो नाही. म्हणजे आई-पप्पा पुढे एकदा सॅमीला भेटून आले, त्यानं तिकडे पप्पांच्या कानाला यंत्र करून दिलं. पप्पा ते सणावारी लावायचे आणि एरवी खिशात ठेवायचे. मी इथेच शाळेत शिकवत राहिले, लग्न इथेच झालं, आणि मे महिन्याच्या सुट्ट्या कितीतरी वर्षं गॅरेजात काढल्या. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई ताटं मांडत होती. पप्पा हात धुऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “हन्ना, मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले.”

आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला. मला वाटलं ती काहीतरी मोठ्यानं म्हणेल. ती पप्पांच्या अगदी जवळ गेली. “मला वाटलं,” ती म्हणाली, “तुम्हाला माझं बोलणंच नकोसं झालंय.”

पप्पांनी मान हलवली. नाही. आणि मग त्यांनी तिला कॅसेटचं सांगितलं, ओठ दिसत नाहीत ते, खुर्चीसारखा होऊन बसेन ते, सगळं. आई मधेच एकदा पदर तोंडाला लावायला गेली आणि पप्पांनी हळूच तो खाली केला, कारण तिचे ओठ झाकले जात होते.

मग आम्ही जेवायला बसलो. आईची जागा पहिल्यापासून पप्पांच्या उजव्या हाताला, वाढायला सोयीचं म्हणून. त्या दिवशी तिनं आपलं ताट उचललं, पाट ओढला आणि बरोबर त्यांच्या समोर जाऊन बसली. पहिला घास घ्यायच्या आधी तिनं त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हटलं. इतकं हळू, की शेजारी बसून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पप्पांना कळलं. ते लाजल्यासारखे हसले आणि भाकरी मोडायला लागले.

आई काय म्हणाली होती, ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.